निखारे आणि घड्याळ

जपानी 'याकिनिकु' या शब्दाचा सरळ अर्थ भाजलेले मांस. टेबलाच्या मध्यभागी शेगडी, तिच्यावर जाळी, बाजूला कच्च्या मांसाच्या पातळ कापांच्या ताटल्या, आणि ज्याला खायचे त्यानेच भाजून घ्यायचे, असा हा प्रकार. त्याला 'ताबेहोदाई'ची, म्हणजे ठरावीक पैशांत हवे तितके खाण्याची, जोड मिळाली की जपानमधल्या कुटुंबांचे आणि कॉलेजच्या टोळक्यांचे हक्काचे ठिकाण तयार होते. मात्र निखारा काही घाई करू देत नाही, आणि हवे तितके खाण्याची मुभा असते ती घड्याळाच्या हिशोबाने. या जेवणाची सगळी गंमत त्या ओढाताणीत आहे.

जपानी म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थाची घडण बऱ्याच अंशी कोरियन हातांची आहे. जपानमध्ये गोमांस खाण्याची प्रथाच तशी अलीकडची. सम्राट तेन्मुने 675 मध्ये वर्षातले काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यास मनाई केली. पुढे बौद्ध विचारांच्या प्रभावाने मांसाहाराबद्दलचा संकोच शतकानुशतके टिकला, जरी चोरून आणि 'औषध म्हणून' खाणारे नेहमीच होते. 1872 मध्ये सम्राट मेइजीने मांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि ते आधुनिकतेचे लक्षण ठरले. तरी निखाऱ्यावर भाजून खाण्याची आजची पद्धत रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. जपानच्या वसाहतीतून आलेले आणि युद्धानंतर तिथेच राहिलेले कोरियन लोक काळ्या बाजारांच्या आसपास गाडे आणि टपऱ्या चालवू लागले. चांगले मांस त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून आतडी, जठर, कलेजी असा, आपल्याकडे ज्याला वजडी म्हणतात तो माल ते मसाल्यात मुरवून भाजत. त्याचे नाव 'होरुमोन'. ओसाकाच्या बोलीत 'होरु मोन' म्हणजे टाकून द्यायची वस्तू, त्यावरून हे नाव पडले, असे हौसेने सांगितले जाते. हा शब्द 'हार्मोन'वरूनच आला असेही अनेकांचे म्हणणे आहे. ओसाकातला त्सुरुहाशी हा रेल्वे स्थानकालगतचा भाग आजही अशा दुकानांच्या दाटीसाठी प्रसिद्ध आहे. कोरियाची फाळणी झाल्यावर दुकानाच्या पाटीवर उत्तरेचे नाव लिहावे की दक्षिणेचे, हा पेच होता. त्यातून 'याकिनिकु' हे कोणाचीच बाजू न घेणारे नाव सोयीचे ठरले, असा एक समज आहे.

पुढचा इतिहास धुराचा आहे. 1980 पर्यंत अशा दुकानात जाणे म्हणजे डोळे चोळत जेवणे आणि केसांत वास घेऊन घरी परतणे. त्या वर्षी नागोयाच्या शिन्पो कंपनीने बिनधुराची शेगडी बाजारात आणली. जाळीच्या कडेच्या फटींतून धूर खाली ओढून टेबलाखालच्या नळीतून बाहेर सोडायचा, एवढीच युक्ती. पण तिने गिऱ्हाईक बदलले. पुरुषांच्या अड्ड्यावर बायका आणि मुलेबाळे येऊ लागली. त्याआधी 1968 मध्ये एबारा कंपनीने याकिनिकुचा सॉस बाटलीत भरून विकायला सुरुवात केली होती, त्यामुळे ही चव घरोघरी ओळखीची झालीच होती. 1991 मध्ये गोमांसाच्या आयातीवरचा कोटा उठला आणि अमेरिकन व ऑस्ट्रेलियन मांस मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. स्वस्त मांसावाचून 'हवे तितके' हा सौदा कोणालाच परवडला नसता.

हवे तितके खाण्याची कल्पना मात्र उत्तर युरोपातून आली. तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने 1958 मध्ये तिथल्या मांडून ठेवलेल्या जेवणाच्या धर्तीवर 'इम्पीरियल व्हायकिंग' नावाचे उपाहारगृह उघडले. नाव सुचले ते त्याच सुमारास गाजत असलेल्या 'द व्हायकिंग्ज' या चित्रपटावरून. तेव्हापासून जपानीत बुफेला 'बाइकिंगु' म्हणतात. समुद्री लुटारूंचे नाव बुफेला शोभतेही. जुन्या याकिनिकु बुफेत मांसाची ताटे मांडलेली असत आणि लोक चिमट्याने उचलून नेत. आता बहुतेक साखळी दुकानांत टेबलावरच्या टॅबलेटवर मागणी नोंदवायची आणि ताटली जागेवर यायची, ही पद्धत आहे. काही ठिकाणी ती घेऊन येतो तो चाकांवरचा यंत्रमानव.

कोळशाची गोष्ट मात्र अगदी निगुतीची. सर्वांत नावाजलेला जपानी कोळसा म्हणजे 'बिन्चोतान'. तो वाकायामा भागात उबामे नावाच्या ओकच्या लाकडापासून करतात, आणि त्याचे नाव तानाबे गावातल्या बिन्चुया चोझाएमोन या व्यापाऱ्यावरून पडले असे सांगतात. भट्टीचा ताव शेवटी 1000 अंश सेल्सिअसच्या वर नेतात, लालभडक ओंडके बाहेर ओढतात आणि त्यांच्यावर माती-राखेचे ओले मिश्रण टाकून विझवतात. त्या राखेमुळे हा कोळसा वरून पांढरट दिसतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखी किणकिण ऐकू येते. तो पेटायला वेळ लावतो, पण एकदा पेटला की ज्वाळा आणि धूर न करता तासन्तास सारख्या आचेवर राहतो. बुफेच्या दरात बिन्चोतान क्वचितच बसतो. तिथे बहुधा 'ओगातान' असतो, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, मधोमध भोक असलेल्या कांड्यांचा कोळसा. अनेक दुकाने तर सरळ गॅस वापरतात, आणि म्हणून कोळशाची शेगडी असलेली दुकाने ती गोष्ट पाटीवर ठळकपणे मिरवतात. शेगडीला 'शिचिरिन' म्हणतात. पारंपरिक शिचिरिन डायाटमाइट मातीची असते. नोतो द्वीपकल्पातल्या सुझु इथे ही माती खाणीतून ठोकळ्यांच्या रूपात कापून काढतात. तिच्यात सूक्ष्म पोकळ्या असल्याने आतली धग आतच राहते. फरक चवीत पडतो तो दोन कारणांनी. निखाऱ्याची कोरडी धग मांसाचा पृष्ठभाग झटकन तांबूस करते, आणि निखाऱ्यावर पडलेल्या चरबीचा धूर परत त्याच मांसाला लागतो.

बसल्यावर आधी कोर्स निवडायचा. साधारण 3,000 ते 5,000 येन दर, जितका वरचा कोर्स तितके मांसाचे प्रकार जास्त, आणि बहुतेक ठिकाणी एका टेबलावरच्या सगळ्यांनी एकच कोर्स घ्यावा लागतो. वेळ 90 किंवा 120 मिनिटे. शेवटची मागणी त्याच्या वीस-तीस मिनिटे आधी. दारूचा दर वेगळा. शाळकरी मुलांना सवलत, अगदी लहानग्यांना अनेकदा मोफत. ताटात टाकल्यास जादा पैसे घेण्याची सूचना बहुतेक मेनूंवर असते.

जाणकार गिऱ्हाईक सुरुवात मिठाच्या चवीने करते. पहिली येते 'तान', म्हणजे जीभ. पातळ, नुसते मीठ लावलेली, वर लिंबू. मग 'तारे' (आकाशातल्या ताऱ्यांशी संबंध नाही, हा सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचे तेल वगैरेंचा सॉस), कारण त्यातली साखर जाळीला चिकटून करपते आणि नंतरच्या साध्या मांसाची चव बिघडवते. 'कारुबी' हे नाव बरगडीसाठीच्या कोरियन शब्दावरून आले. जपानी दुकानांत ते बरगडीजवळचे, बिनहाडाचे, चरबीदार मांस असते. 'हारामी' म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा. मराठी कानाला हे नाव दचकवणारे, पण चव लुसलुशीत, आणि गंमत म्हणजे बाजारात त्याची गणना मांसात नव्हे, वजडीत होते. कारुबीची चरबी निखाऱ्यावर टपकून भडका उठला की जाळीवर बर्फाचा खडा ठेवतात. पातळ काप सारखे उलटवत बसायचे नसतात. वरच्या बाजूला रस दिसू लागला की एकदा उलटवायचे आणि उचलायचे. जाळी एकदम भरून टाकणे हा नवख्यांचा ठरलेला दोष. निम्मे कच्चे राहते, निम्मे वातड होते. प्रत्येक टोळक्यात भाजण्याची सूत्रे स्वतःकडे घेणारा एकजण असतोच. त्याला थट्टेने 'याकिनिकु बुग्यो' म्हणतात. बुग्यो म्हणजे एदो काळातला कारभारी अधिकारी, म्हणून याला शेगडीचा कोतवाल म्हणायला हरकत नाही.

कच्च्या मांसासाठी चिमटा वेगळा आणि खाण्याच्या काड्या वेगळ्या, हा नियम मात्र थट्टेचा नाही. 2011 मध्ये एका साखळी दुकानातल्या कच्च्या गोमांसाच्या पदार्थातून जिवाणूंची बाधा झाली आणि पाचजण दगावले. त्यानंतर कच्च्या गोमांसाचे नियम कडक झाले, जुलै 2012 पासून गोवंशाची कलेजी कच्ची वाढण्यावर आणि 2015 मध्ये कच्च्या डुकराच्या मांसावरही बंदी आली.

हा धंदा बुडत कसा नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. 'मोतो ओ तोरु', अर्थात पैसे वसूल करणे, हा वाक्प्रचार ताबेहोदाईच्या गप्पांत हमखास निघतो. पण दुकानदाराचा हिशोब पक्का असतो. भाजण्याचे काम गिऱ्हाईकच करते, त्यामुळे निष्णात आचाऱ्यांची फौज लागत नाही. भात, सूप, किमची, तिळाच्या तेलातल्या भाज्या, थंड शेवयांचे 'रेइमेन' यांनी पोट लवकर भरते. बियर वेगळ्या पैशांची. एका टेबलावर धष्टपुष्ट विद्यार्थी असले तर शेजारच्या टेबलावर आजी-आजोबा असतात. आणि जाळीवर एका वेळी मावतेच किती? निखारा संथ चालतो तो मालकाच्या फायद्याचाच.

नोकरीनिमित्त तोक्योत राहणाऱ्या मराठी माणसांवर सहकाऱ्यांबरोबर अशा ठिकाणी जाण्याचा प्रसंग येतोच. मेनूत कोंबडी, कोळंबी, मका, कांदा, वांगे, लाल भोपळा, शिताके अळिंबी हे सगळे असते. पण जाळी सर्वांची एकच, सूप बहुधा गोमांसाच्या अर्काचे आणि किमचीत मासळीचा अंश. गोमांस न खाणाऱ्याने ते आधीच सांगितले तर नवी जाळी मिळते, पण ती दुसऱ्याच्या ताटलीपासून वेगळी राखणे त्याच्याच हाती. शुद्ध शाकाहाऱ्याला पूर्ण दर देऊन भोपळा भाजत बसावे लागते, हा सौदा काही फायद्याचा नाही.

शेवटच्या मागणीची वेळ झाली की टॅबलेटवर सूचना झळकते. टेबलावर अचानक धांदल उडते, कोणी आणखी दोन ताटल्या कारुबी मागवतो, कोणी आइस्क्रीम. निघताना गल्ल्याजवळ पुदिन्याच्या गोळ्या किंवा च्युइंगगम मिळते, कपड्यांवर मारायला सुगंधी फवाराही ठेवलेला असतो. निखारे अजून लालच असतात.