सोडलेले पाणी आणि विम्यातला पूर

2005, 2019 आणि 2021. तिन्ही वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 45 फुटांची धोका पातळी ओलांडली. 2019च्या ऑगस्टमध्ये तर पाणी 57 फुटांच्या वर गेले. प्रत्येक वेळी वाद तोच पेटला : हे पाणी पडले की सोडले? वरच्या कोयना धरणाचे वक्र दरवाजे कधी उचलले, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग वेळेत का वाढला नाही? 2019च्या पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने 2020च्या अहवालात अलमट्टीला दोष दिला नाही. अतिवृष्टी आणि पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले. अनेकांना ते पटले नाही. वाद जरूर व्हावा, पण त्यापायी पाटण-कऱ्हाडपासून मिरजेपर्यंतच्या विमाधारकाचा दावा अडू नये, असे माझे ठाम मत आहे.

आगविम्याच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत वादळाबरोबरच पूर आणि जलमय होणे ही जोखीम होती. पाणी पावसाचे की सांडव्याचे, असा भेद त्या कलमात नव्हता. खरा घात दुसरीकडे होता : हे कलम वगळून हप्ता कमी करून घेण्याची सोय होती. 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी भारत गृह रक्षा आणि छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आली, त्यांत पूर मूळ संरक्षणातच आला. चारच महिन्यांत जुलैचा महापूर आला. पीकविम्यात मात्र टाळता येण्याजोग्या जोखमी वगळल्या आहेत, आणि शेत पाण्याखाली जाण्याचे स्थानिक संरक्षण 2018च्या नियमांनी उसासारख्या पिकांना नाकारले. कृष्णाकाठी बुडतो तो मुख्यतः ऊसच.

विमा अपघाताचा असतो, दरवाजे तर हुकमाने उघडतात, असा आक्षेप येतो. पण आकस्मिकता पाहायची ती विमाधारकाच्या बाजूने. कोयनेसारखे 105 टीएमसीचे धरण वाचवायला पाणी सोडले, तरी खालच्या दुकानदाराच्या हातात त्यातले काहीच नसते. मे 2011 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठचा पूररोधक बांध सैन्याच्या अभियंत्यांनी सुरुंग लावून फोडला आणि मिसुरीतली सव्वा लाख एकरांहून अधिक जमीन बुडवली. मूळ कारण नैसर्गिक पूर, असे मानून तिथे पीकविमा लागू धरला गेला. मग चुकीचा विसर्ग करणारे सुटणार का? नाही. भरपाई दिल्यावर विमा कंपनी ग्राहकाच्या जागी उभी राहून दोषी यंत्रणेवर दावा लावू शकते. धरणाच्या नोंदी मागवून लढण्याची ताकद तिच्यापाशी आहे, हळदीच्या एकट्या व्यापाऱ्यापाशी नाही.

म्हणून दाव्याच्या अर्जात स्वतः पाहिले तेवढेच लिहा : पाणी कधी शिरले, किती फूट चढले, काय भिजले. दरवाजा कोणी उचलला, हे शोधणे तुमचे काम नाही.