झूम कुणाच्या हातात?

आजचा प्रश्न: वेबसाइटवरची अक्षरं किती मोठी दिसावीत हे कोणी ठरवायचं, डिझायनरने की वाचणाऱ्याने?

साइट बनवणारा कोडमध्ये 'युझर-स्केलेबल=नो' एवढंच लिहून तुमचं दोन बोटांचं झूम बंद करू शकतो. का? तर म्हणे मांडणी बिघडते! अहो, पण वाचताच येत नसेल तर त्या मांडणीचं करायचं काय? माझी आई अशाच एका फॉर्मवर अडली होती. शेवटी स्क्रीनशॉट काढून, तो मोठा करून वाचला.

वाद जुनाच आहे. सीएसएस म्हणजे पानाची सजावट ठरवणारी भाषा. दोघांनीही आपल्या नियमाला 'इम्पॉर्टंट' लावलं, तर 1996 च्या सीएसएस 1 मध्ये डिझायनर जिंकायचा. 1998 च्या सीएसएस 2 ने ते फिरवलं. आता वाचणारा जिंकतो.

झूमचंही तसंच व्हायला हवं. नकाशात किंवा गेममध्ये ती दोन बोटं साइटलाच लागतात, मान्य. पण साध्या फॉर्मला कशाला ही सूट?

2016 मध्ये आयओएस 10 वरच्या सफारीने ही झूमबंदी जुमानणं सोडलं. अँड्रॉइडवर क्रोममध्ये मात्र तुम्हालाच सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'फोर्स इनेबल झूम' चालू करावं लागतं. आईबाबांच्या फोनवरही करून द्या.