५९ दिवसांची फट : घरच्या संगणकाला खरा धोका कुठून?

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका छिद्राची दुरुस्ती जाहीर केली. १२ मे २०१७ रोजी त्याच छिद्रातून 'वॉनाक्राय' हा रॅन्समवेअर जगभर शिरला. थोड्याच दिवसांत १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांच्या फायली त्याने बंद करून टाकल्या आणि त्या उघडून देण्यासाठी खंडणी मागितली. दोन तारखांमधले अंतर ५९ दिवसांचे. दुरुस्ती फुकट होती आणि अपडेटमधून मिळतही होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले.

घरच्या संगणकाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की सहसा वेगळाच आकडा पुढे केला जातो. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही चाचणी संस्था रोज साडेचार लाखांहून अधिक नवे घातक प्रोग्रॅम नोंदवते, म्हणजे सेकंदाला पाच. आकडा खरा आहे, पण तो ऐकून माणूस घाबरतो आणि करायचे काय ते त्याला कळत नाही. शिवाय यातला मोठा भाग जुन्याच प्रोग्रॅमना थोडेफार बदलून पुन्हा सोडलेल्या आवृत्त्यांचा असतो. आपल्या उपयोगाचे आकडे दुसरे आहेत. ते शेजारी शेजारी मांडले की कोणते काम आधी करायचे आणि कोणते नंतर, हे आपोआप ठरते.

आधी दुरुस्ती, मग हल्ला

घराघरांतल्या संगणकांना छळणारे चार मोठे हल्ले घेऊ.

| हल्ला | दुरुस्ती जाहीर | हल्ला सुरू | मधले दिवस |
|---|---|---|---|
| ब्लास्टर | १६ जुलै २००३ | ११ ऑगस्ट २००३ | २६ |
| सॅसर | १३ एप्रिल २००४ | ३० एप्रिल २००४ | १७ |
| कॉनफिकर | २३ ऑक्टोबर २००८ | नोव्हेंबर २००८ | सुमारे २९ |
| वॉनाक्राय | १४ मार्च २०१७ | १२ मे २०१७ | ५९ |

चारही वेळा दुरुस्ती आधी आली आणि हल्ला नंतर. हा योगायोग नाही. कंपनीने दुरुस्ती जाहीर केली की हल्लेखोर जुनी फाइल आणि नवी फाइल ताडून पाहतात. जिथे बदल दिसतो, तिथेच छिद्र होते हे त्यांना कळते. म्हणजे दुरुस्ती जाहीर होते त्याच दिवशी शर्यत सुरू होते, आणि जो संगणक अपडेट होत नाही तो त्या शर्यतीत उभाच राहतो. वॉनाक्रायच्या वेळी तर काम आणखी सोपे झाले. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने बनवलेले हत्यार 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीने १४ एप्रिलला उघड्यावर टाकले. तोवर दुरुस्ती येऊन महिना झाला होता.

या चारही हल्ल्यांत वापरणाऱ्याने चुकीच्या ठिकाणी क्लिक करण्याचीसुद्धा गरज नव्हती. ब्लास्टर आणि सॅसरला संगणक इंटरनेटला जोडलेला असला की पुरे होते. विंडोज एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली असे. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या 'सर्व्हिस पॅक २'ने ती सुरुवातीपासूनच चालू ठेवली. त्यामुळे बाहेरून थेट आत शिरण्याची वाट बरीच अरुंद झाली.

वॉनाक्रायविषयी एक समज अजून टिकून आहे, की त्याने एक्सपीवाल्या जुनाट संगणकांना गाठले. कॅस्परस्की या कंपनीने मोजदाद केली तेव्हा बाधित संगणकांपैकी ९८ टक्के विंडोज ७ वर चालणारे निघाले. या विंडोजला तेव्हा कंपनीचा पाठिंबा होता आणि तो पुढे जानेवारी २०२० पर्यंत मिळाला. म्हणजे संगणक जुना होता म्हणून नव्हे, तर अपडेट पुढे ढकलले म्हणून तो बाधित झाला. मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. सॅसरचे १७ दिवस लक्षात घेतले तर 'महिनाअखेरीस करू' म्हणणे परवडणारे नाही.

जिथे दुरुस्ती येणेच थांबते, तिथली फट कधीच बुजत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास आणखी एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत ठेवली गेली. त्यानंतर असा संगणक बँकेच्या कामासाठी वापरू नये.

एक सवय बंद केली आणि...

कॉनफिकर पेनड्राइव्हवरूनही पसरत असे. पेनड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू करण्याची विंडोजची सवय त्याच्या पथ्यावर पडली. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेटद्वारे ही सवय जुन्या विंडोजमधूनही काढून टाकली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनीने तपासलेल्या संगणकांमधले बाधेचे प्रमाण २०१० च्या तुलनेत एक्सपीवर ५९ टक्क्यांनी आणि व्हिस्टावर ७४ टक्क्यांनी घटलेले दिसले. नवे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागले नाही, फक्त एक सेटिंग बदलले. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह आजही आधी तपासून मगच उघडावा, पण तो लावल्या लावल्या संगणक बाधित होण्याचे दिवस त्या एका बदलाने मागे टाकले.

पासवर्डचे साधे गणित

समजा, एखाद्या संकेतस्थळावरून पासवर्डचे सांकेतिक रूप चोरीला गेले आणि चोर सेकंदाला १,००० कोटी अंदाज करून पाहतो आहे. आजच्या ग्राफिक्स कार्डांना, संकेत कच्चा असल्यास, हा वेग जड नाही. मग सगळे पर्याय संपवायला लागणारा वेळ असा :

| पासवर्ड | पर्याय संपायला वेळ |
|---|---|
| ८ इंग्रजी छोटी अक्षरे | २१ सेकंद |
| ८ चिन्हे (छोटी-मोठी अक्षरे, अंक, खुणा मिळून) | ७ दिवस |
| १२ इंग्रजी छोटी अक्षरे | ११० दिवस |
| १६ इंग्रजी छोटी अक्षरे | सुमारे १ लाख ३८ हजार वर्षे |

डॉलरची खूण आणि कॅपिटल अक्षर कोंबून केलेल्या आठ चिन्हांच्या पासवर्डपेक्षा साध्या बारा अक्षरांचा पासवर्ड पंधरापट टिकाऊ ठरतो. लांबी गुंतागुंतीवर मात करते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये आपला जुना सल्ला बदलला. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावणे आणि खुणांची सक्ती करणे तिने मागे घेतले, आणि भर लांबीवर दिला.

हे गणित एका अटीवर चालते. अक्षरे खरोखर वाटेल तशी निवडलेली हवीत. माणसे तशी निवडत नाहीत. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाखांहून अधिक पासवर्ड फुटले. त्यात '१२३४५६' हा एकच पासवर्ड २,९०,७३१ जणांचा होता, म्हणजे दर ११२ जणांत एकाचा. असे पासवर्ड शोधायला सेकंदही लागत नाही, कारण चोर सुरुवात याच यादीपासून करतो. नात्यातल्यांची नावे, गावाचे नाव आणि पुढे जन्मसाल, हेही त्या यादीत येतेच. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडावेत किंवा पासवर्ड सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरावे, आणि ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नये.

घरच्या राऊटरचा आणि सीसीटीव्हीचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवणे. २०१६ च्या 'मिराई'ने नेमके हेच दाखवले. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या आळीपाळीने लावून त्याने ऐन भरात सुमारे ६ लाख उपकरणे ताब्यात घेतली होती.

पासवर्ड फुटला तरी

पासवर्ड कितीही चांगला असला तरी तो एखाद्या बनावट पानावर आपणच भरून देऊ शकतो. अशा वेळी दुसरी पडताळणी किती वाचवते, याची मोजणी गुगलने २०१९ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन डिएगोमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांबरोबर केली. एसएमएसने येणाऱ्या कोडमुळे यंत्राने केलेले १०० टक्के, घाऊक फिशिंगचे ९६ टक्के आणि एकाच व्यक्तीवर नेम धरून केलेले ७६ टक्के हल्ले अडले. एसएमएसऐवजी मोबाइलवर 'तुम्हीच आहात का?' असा प्रश्न येत असेल तर शेवटच्या दोन प्रकारांतले आकडे ९९ आणि ९० टक्क्यांवर गेले. ही सोय फुकट आहे आणि चालू करायला पाच मिनिटे पुरतात. एवढ्या थोड्या श्रमात एवढे संरक्षण देणारे दुसरे काम सापडणार नाही.

तरीही उरलेले २४ टक्के विसरू नयेत. कोड आला आणि तो आपणच फोनवर कुणाला वाचून दाखवला, तर ही पडताळणी निरुपयोगी ठरते.

४९ सेकंद

व्हेरायझनच्या २०२४ च्या अहवालानुसार, सरावासाठी पाठवलेले फसवे ईमेल उघडल्यावर लिंकवर क्लिक व्हायला मध्यम हिशेबाने २१ सेकंद लागले आणि त्यापुढे माहिती भरून द्यायला २८ सेकंद. दोन्ही मिळून एक मिनिटही भरत नाही. इथे अँटिव्हायरसला करण्यासारखे फारसे उरत नाही, कारण दार माणूस स्वतः उघडतो.

दूरवरून संगणक चालवण्याची सोय देणाऱ्या ॲपच्या बाबतीतही हेच होते. 'एनीडेस्क'च्या मार्गाने होणाऱ्या फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ॲप खरेच असते, त्यात व्हायरस नसतो. फोनवरचा माणूस बँकेचा किंवा कंपनीचा नसतो, एवढेच. पडद्यावर अचानक 'तुमचा संगणक बाधित आहे, या क्रमांकावर फोन करा' असे झळकले, तर तो क्रमांक चोराचाच समजावा. विंडोजच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन क्रमांक नसतो.

अँटिव्हायरसची जागाही इथेच ठरते. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर चालू ठेवला तर बहुतेक घरांना तो पुरतो. विकतचा घेतला तरी हरकत नाही, मात्र दोन एकत्र चालवू नयेत. फुकटात मिळालेल्या 'क्रॅक' सॉफ्टवेअरसोबत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना आली, तर ते सॉफ्टवेअर तिथेच टाकून द्यावे.

सगळे चुकले तर

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' आला आणि नुसते अपडेट पुरत नाही हे त्याने दाखवले. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला आणि एका संगणकात सापडलेले पासवर्ड वापरून दुरुस्त केलेल्या संगणकांतही घुसला. त्याचा फटका न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचला. तिथले एक टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले.

घरी उपाय जुनाच आहे : ३-२-१. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. बॅकअपची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. ती जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फायलीही बंद करतो. खंडणी भरून सुटका होते असेही नाही. वॉनाक्रायने ३०० डॉलर मागितले होते, पण ऑगस्ट २०१७ पर्यंत जमा झालेली सगळी रक्कम सुमारे १ लाख ४० हजार डॉलर होती. दर बाधित संगणकामागे हा हिशेब एका डॉलरच्याही आत येतो. पैसे कुणी भरले हे ओळखण्याची धड व्यवस्थाही त्यात नव्हती.

मग क्रम काय?

पहिले, अपडेट आपोआप होऊ द्यावे. दुसरे, ईमेल आणि बँकेच्या खात्यांना दुसरी पडताळणी लावावी. तिसरे, लांब आणि वेगवेगळे पासवर्ड ठेवावेत, राऊटरसकट. चौथे, बॅकअप घ्यावा. विकतचा अँटिव्हायरस या चारांनंतर येतो. रोजच्या वापरासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसलेले खाते ठेवले, तर घुसलेला प्रोग्रॅमही मोठी तोडफोड सहजी करू शकत नाही.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत भारतीयांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी रुपये गमावले आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी, म्हणजे दिवसाला सुमारे ६२ कोटी. पैसे गेल्यावर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावीच, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी अडवता येते. मात्र या व्यवस्थेने २०२१ पासून २०२५ च्या मध्यापर्यंत वाचवलेली सगळी रक्कम ५,४८९ कोटी आहे. चार वर्षांत वाचलेला पैसा एकट्या २०२४ मधल्या नुकसानीच्या चौथ्या हिश्शाएवढाही भरत नाही. गेलेले परत मिळवण्याची वाट एवढी अरुंद असताना, जाण्याआधीची पाच मिनिटेच जास्त मोलाची ठरतात.