क्षमता आणि अधिकार : विभाजित संगणकांच्या व्यवहारातील एक भेद

‘मला हे करता येते’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ संभवतात. ते करण्याची शक्ती अथवा कौशल्य माझ्या ठायी आहे, हा एक. ते करण्याची मला मुभा आहे, हा दुसरा. ‘मला चालवत नाही’ हा प्रयोग मात्र केवळ शक्तीचा अभाव सांगतो. परवानगीशी त्याचा संबंध नाही. भाषाभ्यासकाच्या परिचयाचा हा भेद मोठ्या संगणकांच्या व्यवहारात रुपयांत मोजला जातो. तो कसा, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. बँका, शासकीय खाती व विद्यापीठे अशी यंत्रे वापरतात. करारातील शब्दांचा उलगडा न झाल्यास भुर्दंड पुष्कळदा सार्वजनिक पैशावर पडतो. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नव्हे.

प्रथम शहाडचेच उदाहरण घेऊ. येथे उल्हास नदीतून उचललेले पाणी ‘स्टेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेद्वारे ठाणे, भिवंडी व मीरा-भाईंदर या शहरांना आणि जिल्हा परिषदेच्या क्षेत्रातील गावांना जाते. नदी एकच, वाटेकरी अनेक. पंप व जलवाहिन्या किती पाणी वाहू शकतात हा एक प्रश्न होय, आणि कोणाचा वाटा किती हा सर्वस्वी दुसरा.

संगणकाच्या बाबतीतही वाटणीची ही कल्पना नवी नाही. १९६४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा संगणक आला, तेव्हा बाहेरच्या संस्थांतील संशोधकही त्यावर आपली गणिते सोडवून घेत. तेथे वाटणी वेळेची होती. पुढे यंत्राचेच विभाग पाडण्याची पद्धत आली. प्रत्येक विभागाला स्वतःचे प्रोसेसर, स्वतःची स्मृती व स्वतंत्र कार्यप्रणाली असते. जणू एकाच वाड्यात वेगवेगळ्या चुली. ह्यूलेट-पॅकार्डने २००० साली बाजारात आणलेल्या ‘सुपरडोम’ या यंत्रात प्रत्येकी चार प्रोसेसरांचे सोळा फलक, म्हणजे एकूण ६४ प्रोसेसर बसत, आणि फलकवार विद्युत्-दृष्ट्या अलग असे विभाग पाडता येत.

आता अडचण पाहा. बँकेच्या हिशेबाचा भार मार्चअखेरीस एकदम वाढतो. त्या भाराच्या मानाने प्रोसेसर घ्यावेत, तर उरलेले वर्ष ते निष्क्रिय राहतात. सरासरीच्या मानाने घ्यावेत, तर ऐन वेळी काम अडते. यावर निर्मात्यांनी काढलेला तोडगा असा, की यंत्रात प्रोसेसर अधिक बसवून द्यावयाचे, परंतु वापराचा अधिकार त्यांपैकी काहींचाच विकावयाचा. उरलेले यंत्रात असतात, पण सुप्त.

कल्पना करू, की एका यंत्रात ३२ प्रोसेसर बसविलेले आहेत व अधिकार २० चा आहे. हिशेबाच्या विभागात १२ व चाचणीच्या विभागात ८ चालू आहेत. मार्चअखेरीस हिशेबाच्या विभागाला आणखी ४ हवेत. मार्ग तीन आहेत.

पहिला, चाचणीच्या विभागातील ४ बंद करून हिशेबाच्या विभागातील सुप्त ४ चालू करणे. बेरीज २० च राहते. खर्च काहीच नाही. यावरून लक्षात येईल, की अधिकार विशिष्ट प्रोसेसरला चिकटलेला नसून संख्येला असतो.

दुसरा, तात्पुरती क्षमता. ती आगाऊ विकत घेऊन ठेवावयाची असते. ह्यूलेट-पॅकार्डच्या पद्धतीत तिचे माप प्रोसेसर-दिवस हे होते. असे ३० दिवस म्हणजे ४३,२०० मिनिटे. ४ जादा प्रोसेसर अहोरात्र चालल्यास दररोज ५,७६० मिनिटे खर्ची पडतात व साठा साडेसात दिवसांत संपतो. काम आटोपल्यावर ते बंद करावयाचे राहून गेल्यास शिल्लक ऋण होते, आणि ऋण अर्थातच फेडावे लागते.

तिसरा, कायमचा अधिकार खरेदी करणे. निर्माता संकेतशब्द देतो. तो नोंदविला की अधिकाराची संख्या वाढते. नवा प्रोसेसर येत नाही. असलेलाच हक्काचा होतो.

पुढे हा अधिकार एका यंत्राच्या भिंतीही ओलांडू लागला. गटातील एक यंत्र बंद पडल्यास त्याचे अधिकार दुसऱ्याकडे नेण्याची सोय झाली. ज्या इटॅनियम प्रोसेसरांवर ही यंत्रे पुढे चालत, त्यांचा पुरवठा २०२१ साली थांबला. कल्पना मात्र टिकून आहे. आयबीएमच्या ‘पॉवर’ यंत्रांच्या समूहात मूळ क्षमतेपलीकडील वापर आज मिनिटांच्या हिशेबाने आकारला जातो.

एक सावधगिरी अवश्य सांगितली पाहिजे. प्रोसेसर वापरण्याचा अधिकार मिळाला, म्हणजे त्यावर चालणाऱ्या डेटाबेसचाही मिळाला, असे नव्हे. पुष्कळ आज्ञावल्यांचे परवाने प्रोसेसरांच्या संख्येवर आकारले जातात. पहिल्या मार्गाने, म्हणजे ‘फुकट’, हलविलेले ४ प्रोसेसरही अशा रीतीने महाग पडू शकतात.

म्हणून करार वाचताना ‘बसविलेले’, ‘हक्काचे’ आणि ‘चालू’ या तीन संख्या निरनिराळ्या मांडाव्यात, आणि जेथे ‘वापरता येईल’ असे शब्द असतील तेथे ते शक्तीविषयी आहेत की मुभेविषयी, हे सही करण्यापूर्वी विचारावे. भाषेतील संदिग्धता ऐकणारा प्रसंगावरून दूर करतो. करारातील संदिग्धता बहुधा देयक हाती आल्यावरच दूर होते.