मांजरानं जिवंत उंदीर किंवा पक्षी घरात आणला तर काय करायचं?

पहाटेची वेळ. मांजर खिडकीतून आत येतं, घशातून वेगळाच आवाज काढतं आणि तोंडातलं काहीतरी हॉलच्या मधोमध सोडून देतं. पुढच्या क्षणी ते 'काहीतरी' तुरुतुरु पळत सोफ्याखाली शिरतं. पंचवटीतला जुना वाडा असो की गंगापूर रोडवरचा बंगला, मांजर बाहेर फिरत असेल तर ही वेळ कधीही येऊ शकते. उंदीर असेल तर घरात आरडाओरड होते आणि चिमणीचं पिल्लू असेल तर हळहळ. दोन्ही वेळा घाईत चुकीच्या गोष्टी केल्या जातात. मग नेमकं काय करायचं?

पोट भरलेलं असतानाही शिकार का?

मांजराची भूक आणि शिकारीची ऊर्मी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटीभर खाणं समोर असलं तरी काहीतरी सरपटलं की मांजर झेप घेतंच. पकडलेली शिकार ते सुरक्षित जागी नेतं आणि त्याच्यासाठी सुरक्षित जागा म्हणजे तुमचं घर.

घरात दिसते ती सगळी शिकार नसते. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधले होते. मांजरांनी पकडलेल्या प्राण्यांपैकी जेमतेम पाव हिस्साच घरी आला. बाकीचे तिथेच खाल्ले गेले किंवा टाकून दिले गेले.

सगळ्यात आधी काय करायचं?

पहिलं काम म्हणजे पंखा बंद करणं. घाबरलेला पक्षी वर उडतो आणि सुरू असलेल्या पंख्याला धडकतो.

दुसरं, मांजराला वेगळ्या खोलीत ठेवा. तोंडातली शिकार ओढून काढू नका. मांजर जबडा आणखी घट्ट आवळतं किंवा तुम्हालाच चावतं. आवडीचा खाऊ दाखवला तर ते बऱ्याचदा स्वतःच शिकार सोडतं. त्याला मारू किंवा ओरडू नका. त्यातून ते शिकार करणं सोडत नाही, फक्त तुम्हाला घाबरायला लागतं.

उंदीर असेल तर?

आतल्या खोल्यांची दारं लावून फटींत जुने टॉवेल कोंबा. बाहेरचं दार उघडा ठेवा. उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही, भिंतीच्या कडेनं पळतो. त्यामुळे दारापर्यंत भिंतीलगत वाट मोकळी करा आणि शांत राहा. केरसुणी घेऊन मागे लागलात, तर तो कपाटामागे जाऊन बसेल.

कोपऱ्यात सापडला तर वरून बादली पालथी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि बाहेर नेऊन सोडा. दिसेनासाच झाला तर रात्री भिंतीलगत पिंजरा लावा. आत शेंगदाणे किंवा भजी ठेवली तरी पुरतं. उघड्या हातानं मात्र पकडू नका.

पक्षी किंवा खार असेल तर?

पक्षी धडधाकट असेल तर पडदे ओढून खोलीत अंधार करा आणि एकच खिडकी उघडी ठेवा. तो उजेडाकडे जाईल.

पण तो मांजराच्या तोंडात होता हे नक्की असेल, तर 'जखम दिसत नाही, सोडून देऊ' असं करू नका. मांजराच्या लाळेत पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. पिसांखाली दडलेल्या सुईच्या टोकाएवढ्या जखमेतूनही संसर्ग पसरतो आणि पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो. त्याला लवकरात लवकर, शक्यतो त्याच दिवशी, पशुवैद्याकडून प्रतिजैविकं मिळायला हवीत.

तोपर्यंत बुटांच्या खोक्याला भोकं पाडा, आत मऊ कापड घाला, पक्षी ठेवा आणि खोकं शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. दूध-पोळी भरवू नका. खारीलाही हेच लागू, फक्त ती जोरात चावते, म्हणून जाड टॉवेल वापरा.

पक्षी बरा झाला की पाळता येईल का? नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पोपटासारखे आपल्याकडचे रानपक्षी घरात ठेवणं गुन्हा आहे. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

चिमण्यांच्या बाबतीत नाशिककरांनी तर जास्तच काळजी घ्यायला हवी. २० मार्चला जगभर पाळला जाणारा जागतिक चिमणी दिन सुरू करणारे मोहम्मद दिलावर आणि त्यांची 'नेचर फॉरएव्हर सोसायटी' नाशिकचीच.

आणि साप निघाला तर?

इथे स्वतः काहीही करायचं नाही. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत भल्याभल्यांची गल्लत होते. मांजराला बाहेर काढा, लांबून सापावर नजर ठेवा आणि १९२६ वर किंवा जवळच्या सर्पमित्राला फोन करा. कुणाला चावला तर पट्टी आवळणं, चिरा देणं यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

माणसांना आजाराचा धोका किती?

उंदराकडून रेबीज होण्याची शक्यता जवळपास नसतेच. पण त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. म्हणून लादी कोरडी झाडू नका. हातमोजे घालून, ब्लीचच्या पाण्यानं ओली करून पुसा. उंदीर चावला तर जखम धुऊन डॉक्टरांना दाखवा.

या गडबडीत तुमचंच मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मिळते. उंदीर खाणाऱ्या मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मोसिस होऊ शकतो, म्हणून गर्भवती महिलांनी त्याचा लिटर बॉक्स साफ करू नये.

गंमत म्हणजे एकेकाळी मांजराकडे आजार रोखणारा प्राणी म्हणून पाहिलं गेलं. प्लेगच्या काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी, जिथे मांजरं जास्त तिथे प्लेग कमी, असा दावा १९०८ मध्ये केला होता. आज आपल्याला माहीत आहे की, मांजरालाही प्लेग होऊ शकतो.

मांजरालाही धोका असतो का?

हो, आणि याच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. सहज हाती लागलेला सुस्त उंदीर विष खाल्लेला असू शकतो. ब्रोमॅडिओलोनसारखं औषध रक्त गोठू देत नाही आणि त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला असेल, तर ते मलूल व्हायची, हिरड्या पांढऱ्या पडायची वाट पाहू नका. यावर के जीवनसत्त्वाचा उपचार आहे, पण तो वेळेत व्हायला हवा. शेजारी विषाच्या गोळ्या ठेवल्यात का, हे विचारून घ्या आणि नाव पशुवैद्याला सांगा.

हे कमी कसं करता येईल?

ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठानं २०२१ मध्ये ३५५ मांजरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी खेळल्यावर ती २५ टक्क्यांनी कमी झाली. आपण हमखास बांधतो त्या घंटीचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही.

म्हणजे दोरीला पीस बांधून रोज संध्याकाळी दहा मिनिटं खेळणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्याच्या जोडीला पहाटे आणि तिन्हीसांजेला मांजर घरातच ठेवा, खिडक्यांना जाळी लावा आणि रेबीजची लस चुकवू नका.