वांग्याची नामयात्रा

स्वयंपाकघरांतील टोपलींत वांग्याइतकी सामान्य वस्तु क्वचितच असेल. परंतु या भाजीच्या नांवाइतकें दूरवर फिरलेलें आणि वाटेंत इतकीं रूपें पालटलेलें नांव दुसरें सांपडणें कठीण. 'ब्रिंजल' हा साहेबांचा शब्द आणि 'वांगें' हा गांवठी, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांतूनही आढळते. तींत तथ्य कितपत आहे, हें आपण पाहूं.

संस्कृतांत या फळास 'वातिंगण' असें एक नांव आहे. तें मुळांत द्राविड भाषांतून आलें असावें, असें विद्वानांचें मत आहे. प्राकृतांत त्याचें 'वाइंगण' झालें, आणि त्यांतून मराठी 'वांगें', हिंदी 'बैंगन', गुजराती 'वेंगण' हीं भावंडें जन्मलीं. तेंच नांव पश्चिमेस गेलें तेव्हां इराणांत 'बादिंगान' व अरबींत 'बादिंजान' झालें. अरबांनीं भाजी व नांव दोन्ही स्पेनांत नेलीं. तेथें स्पॅनिश लोकांनीं 'बेरेंखेना' व पोर्तुगीजांनीं 'बेरिंजेला' केलें. कॅटलन भाषेनें 'अल्' हें अरबी उपपद शब्दास चिकटलेलेंच ठेवून 'अल्बेर्जिनिया' म्हटलें. फ्रेंचांनीं त्याचें 'ओबेर्झिन' केलें, आणि इंग्लंड व जर्मनी या देशांत आज तेंच रूढ आहे. पूर्वेकडील वाटेनें तुर्की 'पातलिजान', हंगेरियन 'पादलिझान' व रशियन 'बाक्लाझान' झालें.

इटलींत मात्र निराळाच प्रकार घडला. ग्रीकांनीं या नांवास आपल्या 'मेलास' म्हणजे काळा या शब्दाचें वळण देऊन 'मेलित्साना' केलें होतें. इटालियन 'मेलान्झाना' या रूपाची फोड लोकांनीं 'मेला इन्साना', म्हणजे 'वेडें सफरचंद', अशी केली! फळ परकें, कुळ धोत्र्याचें. तेव्हां तें खाल्ल्यानें वेड लागतें या समजुतीस नांवाचाच आधार मिळाला. जॉन जेरार्ड याच्या १५९७ सालच्या इंग्रजी वनस्पतिग्रंथांतही 'मॅड ॲपल' हेंच नांव आहे. निरपराध भाजीवर केवळ उच्चाराच्या घोटाळ्यानें असा कलंक बसला. आपल्याकडेही कित्येक घरांत चातुर्मासांत वांगें वर्ज्य असतें. पण तो व्रताचा नेम होय, आणि चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून तें सन्मानानें पुन्हा पानांत येतें.

पुढें पोर्तुगीज लोक आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आले, आणि त्यांच्या 'बेरिंजेला'वरून येथील इंग्रजांनीं 'ब्रिंजल' बनविलें. वेस्ट इंडीज बेटांत तर त्याचें 'ब्राउन-जॉली' झालें! यूल व बर्नेल यांनीं १८८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशांत या रूपांतरांविषयीं मोठें कौतुक प्रकट केलें आहे. अमेरिकेंतील 'एगप्लँट' हें नांव तेवढें या वंशाबाहेरचें. तें अंड्यासारख्या पांढऱ्या वांग्यावरून पडलें.

सारांश, 'ब्रिंजल' व 'वांगें' हे एकाच घराण्याचे वंशज होत. एक घरींच राहिला. दुसरा इराण, अरबस्तान व स्पेन हिंडून, पोर्तुगीज गलबतांत बसून, परका वेष करून माहेरीं परतला. परक्या वेषास भुलून घरच्या शब्दास हलका मानणें आम्हांस तरी शहाणपणाचें वाटत नाहीं. शब्दांचें कुळ पुसल्यावांचून त्यांची पायरी ठरवूं नये, एवढा धडा हें साधें वांगें आपणांस देऊं शकतें.