चौकोन आणि वाट

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला आणि पाठोपाठ ‘आता पिन कोड इतिहासजमा’ असे संदेश फिरू लागले. डिजिपिनचं गणित देखणं आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. सगळा भारत झाकेल असा ३६ अंश बाजूचा चौरस घ्यायचा, त्याचे १६ भाग करायचे, त्यातल्या एकाचे पुन्हा १६, असं दहा वेळा. प्रत्येक पायरीला एक चिन्ह. दहाव्या पायरीला हाती उरतो जेमतेम चार मीटरचा चौकोन! चिन्हं सोळाच, आणि त्यांत शून्य नाही, एक नाही, इंग्रजी ‘ओ’ आणि ‘आय’ही नाहीत. म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा व्हायला नको.

पण हा चौकोन जमिनीवरचा. गिरगावातल्या चाळीत तळमजल्यावरच्या खोलीचा आणि तिच्या बरोबर वरच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा डिजिपिन एकच येणार. जिने चढायचे की नाही, हे पोस्टमनला नाव आणि खोली नंबर वाचूनच कळणार.

पिन कोडचं काम मुळातच वेगळं. तो जागा दाखवत नाही, वाट दाखवतो. ४११०३० घ्या. यातला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४११ म्हणजे पुणे. शेवटचे ०३० सदाशिव पेठेचे. दिल्लीतल्या सॉर्टरने पहिले तीन आकडे पाहिले की पाकीट पुण्याच्या खणात. सदाशिव पेठ नदीच्या अलीकडे की पलीकडे, हे त्याला ठाऊक असायची गरजच नाही. शेवटचे तीन आकडे पुण्यातल्या माणसाने वाचायचे. प्रत्येकाने आपल्यापुरतं वाचावं आणि पत्र पुढे सरकवावं. इंटरनेटवरची माहितीही साधारण याच तत्त्वाने पुढे ढकलली जाते.

ही व्यवस्था आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या केळशीचे, केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव, आणि संस्कृतचे कवी. (संस्कृत कवीने देशाला आकड्यांत बसवावं, हे मला फार आवडतं!) १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. कल्पना जगाला नवी नव्हती: लंडनचे टपाल विभाग १८५०च्या दशकातले, अमेरिकेचा झिप कोड १९६३चा. पण आपल्या खात्यापुढची अडचण वेगळीच होती. पत्ता मल्याळममध्ये, सॉर्टर हिंदी वाचणारा. त्यात एकाच नावाची गावं. औरंगाबाद महाराष्ट्रात होतं, बिहारमध्येही आहे. ४३१००१ आणि ८२४१०१ लिहिलं की वाद मिटला. पुढे आपल्या औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी ४३१००१ जागचा हलला नाही.

पिन कोड निर्दोष आहे असं मात्र नाही. चूक पकडणारा तपासणीचा आकडा त्यात नाही. ४००००१ लिहिताना शेवटचे दोन आकडे उलटे पडले, तर मुंबई जीपीओचं पत्र माझगावला जाईल आणि आकड्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. शिवाय पिन कोड बटवडा करणाऱ्या टपाल कार्यालयाचा असतो, वस्तीचा नव्हे. तरीही आज कोणी त्यावरून गिऱ्हाईक जोखतं, तर कोणी अख्ख्या पेठेला एका रंगात रंगवून नकाशे काढतं. वेलणकरांनी यांपैकी कशाचीही हमी दिलेली नव्हती.

रस्त्याला नाव नाही, घराला नंबर नाही अशा वाडीवर रुग्णवाहिका पोचवायची असेल तर डिजिपिन मोलाचा ठरेल. तेव्हा आपल्या घराचा डिजिपिन जरूर काढून ठेवा. पाकिटावर मात्र पूर्ण पत्ता लिहा, आणि त्याखाली ते सहा आकडे, सुवाच्य.